रत्नप्रभाबाई ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल्या नाहीत

रत्नप्रभा परब यांच्याइतकी हुशार आणि त्यांच्याइतकी हट्टी बाई मी शाळेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही. दोन्ही गुण एकाच माणसात असले की शेजाऱ्याचा जीव कसा मेटाकुटीला येतो, ते मला विचारा. घाटकोपरला असल्फ्यात आमची इमारत आहे. चौथ्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर.

त्या पंचाहत्तरीच्या. नवरा गिरणीत होता तेव्हा परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्या खानावळ चालवायच्या. गावचे बत्तीस पुरुष दोन पंगतींत जेवून जात. कोण सोमवारी मासळी खात नाही, कुणाला ताप आला की पेजेबरोबर कसलं लोणचं लागतं, हे त्यांना आजही तोंडपाठ आहे. पुढे गिरणी बंद झाली, नवरा गेला, आणि त्या एकुलत्या मुलाला घेऊन असल्फ्याच्या वस्तीत आल्या. घरगुती मसाले करून त्याला वाढवलं. वस्तीच्या जागी इमारत झाली तेव्हा घर त्यांच्याच नावावर मिळालं.

मुलगा सुबोध साकीनाक्याला एका कारखान्यात सुपरवायझर. वय सेहेचाळीस. दारू नाही, तंबाखू नाही. इमारतीतली माणसं हे प्रमाणपत्रासारखं सांगतात, “निर्व्यसनी आहे हो.” जणू हात उचलायला आधी बाटली लागते.

गेल्या श्रावणात रत्नप्रभाबाईंचा डावा हात प्लॅस्टरमध्ये दिसला.

“काय झालं?”

“बाथरूमात पाय घसारलो.”

वर्षातली ही तिसरी घसरण होती. आमच्या सगळ्यांच्या बाथरूममध्ये एकाच ठेकेदाराने एकच खडबडीत लादी बसवली आहे आणि तिच्यावर घसरणाऱ्या संपूर्ण इमारतीत या एकट्याच. वही घरी राहिली असं सांगणाऱ्या मुलाचा चेहरा मी जन्मभर पाहिला आहे.

“पडलात तर उजव्या बाजूला खरचटलंय आणि मनगट डावं कसं मोडलं?”

“बाई, तुमी शाळा सोडलास, पण शाळेन तुमका काय सोडल्यान नाय!”

असं बोलून दार लावून घेतलं. दोन दिवसांनी वाटीभर सोलकढी घेऊन स्वतःच आल्या आणि खाली बघत सगळं सांगितलं. सुबोधची बायको नीलम दोन वर्षांपूर्वी लेकीला घेऊन विरारला माहेरी गेली. तीही याच हातांना कंटाळून. रत्नप्रभाबाई चोरून नातीला, श्रुतिकाला, फोन करायच्या. सुबोधने ते पाहिलं आणि फोन हिसकावताना मनगट पिरगाळलं.

“पोलिसांत जाऊया,” मी म्हटलं.

“पोलीस? माज्या झिलावर? बाई, नोकरी जायत त्याची.”

“आणि तुमचा हात गेला तो?”

“हात काय, जुळता.”

मी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनीच तोड काढली, मंडळात सांगायचं. कोकणातल्या गावागावाचं मुंबईत असं एक मंडळ असतं. गणपतीच्या गाड्या, लग्नकार्य, भावाभावांची भांडणं, सगळं तिथेच निस्तरतात. यांच्या मंडळाचे अध्यक्ष अण्णा, ऐंशीला टेकलेले, अकरा वर्षं यांच्या खानावळीत जेवलेले. आपल्या माणसांत मिटेल, चारचौघांत वाच्यता होणार नाही, हे मलाही तेव्हा पटलं. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करते.

रविवारी मंडळाच्या खोलीत बैठक बसली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. अण्णांनी सुबोधला समोर उभं केलं. तो ढसाढसा रडला. आईच्या पाया पडला. मग अण्णांनी नारळ हातात घेऊन गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! ह्या घरात आई-झिलाची जी काय वाट वाकडी झाली हा, ती सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी खोली म्हणाली. गाऱ्हाण्याची रीतच ती. प्रत्येक मागण्याला जमलेल्या सर्वांनी होकार द्यायचा, तरच ते देवाला पोचतं. सगळ्यांत मोठा आवाज रत्नप्रभाबाईंचा. मी साताऱ्याकडची, पण मीही म्हटलं. मग चहा झाला, बटाटेवडे झाले. “बघा, कसं गोडीत मिटलं,” असं म्हणत सगळे आपापल्या घरी गेले. सुबोध आणि त्याची आईही घरी गेले, एकाच घरी. त्याचा विचार खोलीतल्या एकाही शहाण्याने केला नव्हता. मीही नाही.

आठव्या दिवशी दुपारी समोरच्या दारातून ठणठण आवाज यायला लागला. कुणीतरी आतून उलथनं आपटत होतं. बाहेर कुलूप. कडीकुलूपवाल्याला बोलावून मी ते तोडून घेतलं. आत रत्नप्रभाबाई पदर कपाळाला दाबून बसलेल्या, पदर लाल. “माका चाळीस माणसांत नाचवलंस” म्हणून सकाळी सुबोधने ढकललं होतं. चौकट लागली. मग त्यांचा फोन खिशात टाकून, बाहेरून कुलूप लावून तो कामावर गेला होता. दवाखान्यात चार टाके पडले.

मी तिथूनच अण्णांना फोन केला.

“अरेरे! परत बैठक लावूया,” अण्णा म्हणाले. “ह्या वेळी गाऱ्हाणा जरा सविस्तर घालूक होया. दोन नारळ ठेवूया.”

दोन नारळ! मला इतका संताप आला की मी फोन न सांगताच बंद केला. वर्गातसुद्धा मी असं कधी केलं नव्हतं.

पुढच्या बैठकीपर्यंत रत्नप्रभाबाई माझ्याकडे राहिल्या. माझ्या फोनवरून त्यांनी एकदाच एक नंबर लावला. स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून, बराच वेळ बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. कुणाला फोन केला ते मी विचारलं नाही.

रविवारी दुसरी बैठक. रत्नप्रभाबाई कपाळाला पट्टी लावून सतरंजीवर बसल्या. सुबोध पुन्हा रडण्याच्या तयारीत. अण्णांनी दोन नारळ मांडले आणि आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! पोराकडसून काय चुकला-माकला असात, ता आईन पदरात घेवचा, अशी बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

अण्णा थांबले. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा खोली ओरडली. रत्नप्रभाबाईंचे ओठ घट्ट मिटलेले.

“रत्ने, म्हण गो.”

“नाय म्हणूचंय.”

“अगो, गाऱ्हाणा अर्धा रवात!”

“रवांदे. देवाक खोटा कित्याक सांगू?” त्या उठून उभ्या राहिल्या. “नीलम रडत माज्याकडे इली, तेव्हा मी तिका सांगितलंय, पुरुषाचो राग, सांभाळून घे. ती माज्याच घरातली, तरी मी तिका गप केलंय. आता तुमी माका गप करतास. परवा मी तिची माफी मागितलंय. आता तुमी इतक्याच सांगा, पोलीस ठाण्यात माज्यावांगडा कोण येता?”

खोलीतले सगळे पुरुष एकदम पंख्याकडे बघायला लागले. मागून कुणीतरी पुटपुटलं, “घरातली गोष्ट, चार भिंतींत...”

“चार भिंतींतच टाके पडले,” मी म्हटलं. शेवटी न राहवून.

“आई, लोक काय म्हणतील?” सुबोध म्हणाला.

“ता तू हात उचलताना इचारूक होया होता.”

म्हाताऱ्या माणसाला आपली चूक कळायला लागली की तो आधी चिडतो. तसेच अण्णा चिडले. “चप्पल खय माजी? कोणी घातल्यान माजी चप्पल?” असं ओरडत त्यांनी दोन्ही नारळ पिशवीत कोंबले आणि आमच्याबरोबर निघाले.

चौकीवरचा हवालदार तरुण होता. “सुनेची तक्रार आहे का?”

“नाही, आईची. मुलाविरुद्ध.”

“घरगुती हिंसाचाराचा कायदा सुनांसाठी असतो, आजी. तुम्ही घरी बसून मिटवा.”

“कायदा बाईसाठी आहे,” मी म्हटलं. “आई बाईच असते. वरिष्ठांना विचारून या, आम्ही बसतो.”

आम्ही दोन तास बसलो. अण्णांनी त्या हवालदाराला तेवढ्या वेळात तुझं गाव कुठलं, वडील काय करतात, आईला शेवटचा फोन कधी केलास, असं सगळं विचारून घेतलं. तक्रार लिहिली गेली. आठवड्याने प्रियंका नावाच्या संरक्षण अधिकारी घरी आल्या. त्यांनी मनगट, टाके, कुलूप सगळ्याचा अहवाल केला. विरारहून नीलम येऊन तिची हकीकत सांगून गेली. जाताना सासूला म्हणाली, “दोन वर्षं लागली तुम्हाला, आई.”

“हुशार माणसांक उशीर लागता,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. नीलम हसली नाही. पण जाताना त्यांच्या पाया पडायचं विसरली नाही.

पुढे चार महिने कोर्टाच्या तारखा, आणि तोवर त्या माझ्याकडेच. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी रत्नप्रभाबाई सांगायच्या, “बाई, नको. मागे घेऊया. काय झाला तरी झील आसा.” आणि सकाळी साडेआठला इस्त्रीची साडी नेसून माझ्या आधी जिन्यात उभ्या. मला काही त्यांचा थांग लागला नाही. अखेर आदेश झाला. सुबोधने घर सोडायचं, घराकडे यायचं नाही, आईचा फोन परत करायचा. आता तो साकीनाक्याला एका खोलीत राहतो. नोकरी होती तशीच आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी तो आला. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. हातात फोन धरून मी उभी राहिले.

“आई, उघड. मी भांडायला नाही आलो.”

आतून साखळीचा आवाज झाला.

“सुबोध,” आतून आवाज आला. “जेवलंस?”

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. आता ही बाई दार उघडणार, पान वाढणार, आणि आम्ही सगळे पुन्हा पहिल्या दिवसावर.

“नाही,” तो म्हणाला.

“मग जेवूक जा खय तरी. हय दार उघडूचा नाय.”

“कोर्टाने सांगितलं म्हणून?”

“कोर्टान नसता सांगल्यान, तरी नाय. जा तू.”

तो जिना उतरून गेला. सावकाश, माणूस कामावरून थकून आल्यासारखा. त्याचीही मला थोडी कीव आली, खोटं का सांगू.

लगेच माझा फोन वाजला.

“बाई! दारामागे उभ्या होतास ना? माका ठावक आसा. मग पोलिसांक फोन कित्याक नाय केलास? मी हय एकटीच बोलतंय, आणि तुमी थय भिंगातून बघत रवलास!”

“मला वाटलं, तुम्ही दार उघडणार.”



“माका पण वाटला,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.