हिरव्या ठिगळाखालचा डोंगर

पेटी उघडताच डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. तळाशी डोंगराची गोधडी होती.

काही वर्षांपूर्वी एटापल्लीत, डोंगराळ आदिवासी भागात, मी बायांना फोटो पाहून निसर्गदृश्याच्या गोधड्या शिवायला शिकवायचे. त्यांतल्या मैनाबाईंनी हिरव्यागार डोंगराच्या मधोमध लालभडक चिंधी टाचली.

"फोटोत लाल कुठे आहे, बाई?"

"फोटोत नाई मॅडम, डोंगरावर हाय. लोखंडासाठी खोदून राह्यले ना तिथी."

"असलं ओंगळ कोण घेईल? काढा ते!"

गोधडीतलं जुनं उसवत नाहीत, त्यावर ठिगळ लावतात. बाईंनीही लालवर हिरवं ठिगळ लावलं. ते मला इतकं आवडलं की गोधडी मीच ठेवून घेतली.

आज ते हिरवं विरलंय, खालचं लाल उघडं पडलंय. त्याला ओंगळ म्हणाले होते मी. थू माझ्या जिभेवर!