होसाहेबाची साक्ष

हॉटेलातल्या लिफ्टवाल्याला सगळे ‘होसाहेब’ म्हणत. चिडली की बायकोसुद्धा. उभा जन्म कपाटाएवढ्या पेटीत गेलेला. “चौथा मजला?” “हो साहेब.” “आज फार उकडतंय, नाही?” “हो साहेब.” मग बाहेर दात वाजवणारी थंडी का असेना! नाही म्हणायला जीभच वळायची नाही.

हॉटेलच्या बागेत देशाच्या पुढाऱ्याला गोळ्या घातल्या, तेव्हा लिफ्ट तळमजल्यावर होती. होसाहेबाने पाहिलं ते एवढंच: एका अनोळखी माणसाने माळ्याला काही विचारलं, माळ्याने नळाकडे हात केला, माणूस पुढे गेला. मग धडाधड आवाज. माळी म्हणजे होसाहेबाचा सख्खा मेहुणा. त्यानेच नोकरीला चिकटवलेला.

बातमीदार घामाघूम होऊन आला.

“माळ्यानं हात केला?”

“हो साहेब. नळ—”

“म्हणजे इशाराच म्हणायचा?”

“हो साहेब.”

सकाळी ठळक छापून आलं: ‘माळ्याचा इशारा, मग गोळीबार’. दुपारी पोलिसांनी मेहुण्याला उचललं, हात ओलेच असताना.

“भाऊ माझा आणि तोंड तुमचं!” बायको कडाडली. “जा, सांगून या त्यांना.”

होसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून पेपरच्या कचेरीत गेला. संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात?”

त्याला म्हणायचं होतं, मी नळ म्हणत होतो, तुम्ही ऐकलं नाहीत. संपादकांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून.

“हो साहेब.”

दुसऱ्या दिवशी छापलं: ‘साक्षीदाराने शब्द फिरवला, दबावाचा संशय’. मेहुण्याचा मुक्काम लांबला.

अखेर काही सापडलं नाही म्हणून सोडलं. नोकरी गेली ती गेलीच. बहिणीकडे जेवायला आला, गालफडं बसलेली. घास तसाच हातात धरून म्हणाला, “दाजी, एक विचारू? मी इशारा केला होता?”

“नाही,” होसाहेब म्हणाला. “नळ दाखवलास.”

“आलं की तुम्हाला नाही म्हणता!” मेहुणा हसला. हसला, म्हणूनच होसाहेबाला ताटावर बसवेना. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी लिफ्टमध्ये एक पाहुणा चढला. “हेच ना ते हॉटेल? माळी सामील होता म्हणे.”

“नाही साहेब.” शब्द निघाला.

“अहो, पेपरात होतं! डोळ्यांनी पाहणारा माणूस होता, त्यानंच सांगितलं.”

तो माणूस मीच, एवढं सांगायचं राहिलं होतं. चौथा मजला आला. होसाहेबाने मान खाली घालून दार सरकवलं.