होमाचा धूर आणि अतिदक्षतेचं दार

माझं काम नेमकं काय, हे बेलापूरच्या माझ्या मावशीला अजून उमगलेलं नाही. "दुसऱ्यांनी बांधलेल्या इमारतीत जाऊन बटणं दाबते," असं ती पाहुण्यांना सांगते. तसं फार चुकीचंही नाही. स्मार्ट म्हणवणाऱ्या इमारतीतले दिवे, एसी, लिफ्ट, दारं, आगीचा भोंगा एकमेकांचं ऐकतात की नाही, हे माणसं राहायला येण्याआधी तपासायचं आणि मग सही करायची. सही होईपर्यंत मी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते.

नगरमधल्या त्या नव्या रुग्णालयातही तेच झालं. मालक डॉक्टरांच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला. अर्धं अंग हलत नव्हतं, उठता येत नव्हतं, वाचा गेली होती. नव्या अतिदक्षता विभागातले पहिले रुग्ण आपले वडीलच, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं. थोरले भाऊ त्यांना घेऊन राहुरीहून निघालेसुद्धा होते. आदल्या दिवशी वास्तुशांत असल्यामुळे माझी शेवटची चाचणी मात्र राहिली होती.

"मॅडम, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे. करा ना सही," डॉक्टर म्हणाले.

"स्क्रीनचं राहू द्या सर. मला अतिदक्षतेचं दार उघडताना बघायचंय."

"तुम्ही म्हणजे अगदी..." पुढचं त्यांनी गिळलं.

माझंही डोकं तापलं होतं. म्हटलं, "मग तुम्हीच आत थांबा. आगीचा भोंगा झाला की हे दार आपोआप सुटायला हवं. सुटलं की बाहेर या, लगेच सही करते."

ते हसत आत गेले. दार बंद होऊन आपोआप कुलूप लागलं. मी बाहेर, छताला लावलेल्या धूर ओळखणाऱ्या डबीखाली, डब्यातून चाचणीचा धूर सोडला. भोंगा किंचाळला, एसी थांबला, लिफ्ट खाली येऊन उघडी राहिली. दार मात्र जागचं हललं नाही.

दाराच्या काचेपलीकडे डॉक्टर अजून हसत होते. मग त्यांनी दार ढकललं. आतलं सुटकेचं बटण सजावटीच्या झेंडूच्या माळांखाली गडप झालं होतं, तेही त्यांना सापडेना. ते तळहातांनी काच बडवू लागले. दार उघडणारं कार्ड माझ्या हातातच होतं, पण खऱ्या आगीत कार्ड घेऊन कोण उभं असणार? मी थांबले. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंही वाटत होतं. त्यांचा चेहरा घामानं भिजलेला दिसला तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली आणि मी कार्ड लावलं.

जामखेडकडचा वायरमन धावत आला. "मॅडम, होमाचा धूर लई हुतो. भोंगा वाजून पूजेत इघ्न नको म्हून डब्यांवर टोपनं घातल्ती, भोंग्याकडनं दारांना जानारी वायर बी काढल्ती. टोपनं सकाळीच काढली. वायरचं ध्यानातच न्हाई राह्यलं."

स्क्रीन बिचारी संदेश पाठवत होती. तो दारापर्यंत पोचतोय की नाही, हे तिला कळायची सोयच नव्हती.

आता वायरमनची खैर नाही, असं मला वाटलं. पण डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले. "पूजेत भोंगा वाजता कामा नये, असं मीच त्याला बजावलं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन काढला.

"दादा, कुठवर आलात? गाडी जुन्या दवाखान्यात घ्या. हो, माहितीये मुहूर्त आहे." पलीकडून भाऊ बराच वेळ बोलत होते. डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "दादा, मी आत्ता आत अडकलो होतो. मला दार तरी बडवता आलं. आबांना काय करता आलं असतं?"

फोन ठेवून त्यांनी बटणावरच्या माळा स्वतः ओढून काढल्या. वायरमननं वायर जोडली. मी धुराचा डबा उचलला, तोवर डॉक्टर पुन्हा आत जाऊन उभे राहिले होते.

"लावा दार," ते म्हणाले.