पाच वेळा निम्मा

दुबईत अल मनखूलच्या बिल्डिंगमधले आमचे एक शेजारी लिफ्टमध्ये भेटले, की गाडीचा नंबर ऐकवायचे. "२२११२! आकडे पाच, नुसते एक आणि दोन, आणि पाच वेळा बरोब्बर निम्मा होतो!" मग तोंडी निम्मं करून दाखवायचे. मी जिना धरायला लागलो.

एकदा त्यांच्या अरब साहेबांनी खूश होऊन स्वतःचा २२२२२ नंबर त्यांना देऊ केला. दुबईत अशा नंबरासाठी लोक जीव टाकतात. हे म्हणाले, "सर, ये एकही बार आधा होता है. फिर खलास."

साहेबांनी कॅल्क्युलेटरवर दोन्ही नंबर तपासले. "हबीबी, फिर तेरावाला मेरेको दो."

आता २२२२२ यांच्या गाडीवर आहे. अख्खी बिल्डिंग जळते. हे मात्र रोज ओला टॉवेल नंबरप्लेटवरच वाळत घालतात.