घाटा वाजला का

हरभरा काढायचा तर दवात. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि हात लावताच दाणा मातीत जातो. सकाळच्या दवात झाड नरम असतं, मुळासकट उपटून येतं. मात्र पानांवरची आंब, म्हणजे आंबट दव, बोटांच्या चिरांत शिरते आणि दुपारी भाकरीबरोबर चटणीला हात लावला की जी आग होते ती विचारू नका. बायका हाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून घेतात. दुबलगुंडीच्या बाजूला आमचं शिवार आहे, तिथं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोणत्या सकाळी काढायचा, हे वीस-पंचवीस घरांसाठी एकच माणूस ठरवायचा, आणि तो माझा बाप होता.

फाल्गुन लागला की अप्पा रोज बांधाबांधानं फिरायचे. चार ठिकाणचे चार घाटे तोडायचे आणि एकेक कानाशी धरून हलवायचे. आतला दाणा वाळून सुटा झाला असेल तर खुळखुळ असा अगदी बारीक आवाज येतो. ओला असेल तर येत नाही. मग वारं कुठून आहे ते बघायचे, निर्णा गावाच्या अंगाला आभाळ किती वर चढलंय ते बघायचे, आणि घरी येऊन ओट्यावर बसायचे. त्या पंधरा दिवसांत आमच्या गल्लीत 'शरणु शरणार्थी' हा नमस्कार नंतर व्हायचा, आधी लोक विचारायचे, "अप्पा, घाटा वाजला का?" अप्पा "वाजलाय" म्हणाले की दुसऱ्या दिवशी सगळं शिवार वाकलेलं दिसायचं.

खोटं कशाला बोलू, मला याचा राग यायचा. मी शिकलेला, हुमनाबादला बारा वर्षं नोकरी करून शेतीत परत आलेला, आणि माझ्या दारात माझ्यादेखत लोक म्हाताऱ्याला विचारायचे. मला साधं "औंदा कसं काय" असंही कुणी विचारत नसे. माझं डोकं तसंही लवकर फिरतं. मी चिडून मोबाईल काढायचो, त्यावरचं ढगाचं चित्र दाखवायचो. लोक मान हलवायचे आणि पुन्हा अप्पांकडं बघायचे.

पूर्वी फाल्गुन म्हणजे कोरडा महिना. पळस फुललेला, ज्वारी उपटून रानात आडवी टाकलेली, आणि आभाळात बघावं असं काही नसायचं. आता तसं राहिलं नाही. आता नेमका दाणा भरताना ढग येतात, अळी पडते. ज्वारीच्या कणसावर दोन थेंब पडले की ती काळी पडते आणि आंब्याचा मोहर करपून हातात येतो. अप्पांचं काम त्यामुळं दरसाल अवघड होत गेलं. ते लोकांच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही आलं नाही.

आमच्या बांधाला लागून एका विधवा बाईचं दोन एकर रान आहे. मी तिला अक्का म्हणतो. अप्पा तिला तंगी म्हणतात, म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती एकटीच कसते. त्या दोन एकरांत ती हरभराच पेरते आणि तिचं सगळं वर्ष त्याच्यावर निघतं.

तीन वर्षांमागं ती धुळवडीच्या आधी ओट्याशी आली. पदरात घाटे होते. "अप्पा, माझं रान हलकं हाय, लवकर वाळतंय. उद्या काढू का?"

अप्पांनी एक घाटा घेतला, कानाशी हलवला. दुसरा घेतला. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "न्हाई तंगी, अजून ओलं हाय. तीन दिस थांब."

अक्का जरा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मग घाटे पदरात गुंडाळून गेली. आमच्या शिवारात हीच रीत होती. अप्पा थांब म्हणाले की माणूस थांबायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी निर्ण्याकडून काळं कुट्ट आभाळ उठलं. आधी धुळीचं वारं आलं, मग एकदम गार झालं, आणि गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या होत्या. दहा मिनिटं, फार तर पंधरा. थांबल्यावर रानात गेलो तर हरभऱ्याची नुसती काटकं उभी होती आणि खाली चिखलात दाणे, फुटके घाटे, गारा, सगळं एकत्र पडलं होतं. आमचंही गेलं, पण आमची तूर आधीच घरात आली होती आणि करडई घट्ट काटेरी बोंडांमुळं बरीचशी वाचली. अक्काला दुसरं काहीच नव्हतं.

ती रडली-बिडली नाही. चिखल वाळायला लागल्यावर सूप घेऊन रानात बसली आणि दाणे वेचायला लागली. एका सरीत सकाळ, दुसऱ्या सरीत दुपार. चार दिवस तिनं तेच केलं. दोन एकर रान बसून वेचायचं म्हणजे काय, ते मी बांधावरून बघितलंय. पाचव्या दिवशी अप्पा तिच्याकडं गेले. मी लांब होतो, बोलणं ऐकू आलं नाही. एवढं दिसलं, की अक्कानं एका झाडाला कसाबसा राहिलेला घाटा तोडला आणि अप्पांच्या पुढं धरून हलवला. अप्पा खाली मान घालून घरी आले.

त्या दिवसापासून त्यांनी हवामानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "मला काय कळतंय. मोबाईलला इचारा." आधी लोकांना ती चेष्टा वाटली. मग लोकांनी विचारायचं सोडलं. दुसऱ्या फाल्गुनात अप्पांनी बांधावर पाऊल टाकलं नाही. घरात मी मागून दोनदा हाक मारली तरी वळायचे नाहीत. बायको म्हणायची, "अप्पा रुसलेत." मला वाटायचं, मुद्दाम करतात. एकदा तर मी तोडून बोललो, "गारा काय आम्ही पाडल्या का?" त्यांना ते ऐकू गेलं की नाही, तेही मला कळलं नाही.

कारभार माझ्याकडं आला. मी खूश होतो, हेही सांगून टाकतो. लोक आता मलाच विचारत होते.

गेल्या साली मोबाईलनं चार दिवसांवर पाऊस दाखवला. कन्नडात मेसेजही आला. मी ठरवलं, अप्पांसारखं थांबायचं नाही. दुसऱ्याच सकाळी बाया लावल्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "अण्णा, बुडाला हिरवं हाय अजून." मी म्हणालो, "उपटा तुम्ही. भिजण्यापेक्षा हिरवं बरं." दोन दिवसांत सगळा हरभरा उपटून खळ्यात आणला, ढीग घातला, त्याच्यावर नवी ताडपत्री ओढली, चारी बाजूंनी दगड ठेवले आणि वर दोरी आवळली. वाऱ्याची झुळूकही आत जाणार नाही असं बांधलं. त्याचाच मला अभिमान वाटला.

पाऊस आला तो धूळ बसवण्यापुरता. ढग मात्र हटेनात. चार दिवस नुसतं कोंदट, अंगाला चिकट असं वातावरण. ताडपत्री काढायची मला भीती वाटत होती. त्या चार दिवसांत अप्पा रोज दुपारी खळ्यात यायचे. ढिगाशी बसायचे, ताडपत्रीखाली कोपरापर्यंत हात घालायचे, बाहेर काढून धोतराला पुसायचे आणि निघून जायचे. मी बघत होतो. म्हाताऱ्या माणसाला चाळा असतो, म्हणून सोडून दिलं.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. ताडपत्री काढली तर आतून वाफ आली. आंबलेल्या पिठासारखा वास होता. वरचा थर बरा होता, खाली हात घातला तर चटका बसला. आतला सगळा हरभरा काळा पडून एकमेकाला चिकटला होता, त्यावर पांढरी बुरशी. भिजू नये म्हणून झाकलं आणि झाकल्यामुळं कुजलं. मी कपाळाला हात लावून तिथंच खाली बसलो.

आणि मग मला अप्पांचा तो हात आठवला.

तसाच घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो. "अप्पा, तुम्हाला कळलं व्हतं."

"व्हय."

"कवा?"

"दुसऱ्याच दिशी. हात भाजला."

"मग कामून न्हाई बोललात?" माझा आवाज चढला होता. गल्लीतली माणसं दारात आली.

अप्पा शांतपणे म्हणाले, "एकदा बोललो व्हतो. तिनं दोन एकर येचलं, दाणा दाणा."

आत गेलो आणि बायकोवर उगीच ओरडलो. त्या दिवसानंतर मी त्यांना दोष दिला नाही, पण जवळही गेलो नाही. घरातला एक माणूस जिवंतपणी मुका झाला होता, आणि मी त्याची सवय करून घेतली. याची मला आजही लाज वाटते.

यंदा फाल्गुनात पुन्हा ढग दिसू लागले. सकाळची वेळ होती. मी पायरीवर चपला घालत होतो आणि अप्पा खांबाला टेकून बसले होते. अक्का आली. पदरातून एक घाटा काढून अप्पांच्या पुढं उभी राहिली आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, उद्या काढू का?"

मला धक्काच बसला. सगळ्या शिवारानं विचारलं असतं तरी चाललं असतं, पण ही?

"मला काय कळतंय," अप्पा म्हणाले. "मोबाईलला इचार."

"मोबाईलला माझ्या रानातलं काय कळतंय. मी तुम्हाला इचारायलेय." तिनं घाटा त्यांच्या तळहातावर ठेवला.

अप्पांनी मूठ मिटली. कानाशी नेली नाही. बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. मग ते तिच्याकडं न बघता बोलले.

"तंगी, त्या साली तुझा हरभरा वाळला व्हता. मला घाटा ऐकू येत न्हाई. बोललेलं कळतंय, पण ह्यो बारीक आवाज आता कानात शिरत न्हाई. मला वाटलं, ओलं हाय. तू वाळलेला घाटा माझ्यापुढं हलवलास, तरी मला काय ऐकू न्हाई आलं, तवा कळलं मला."

एका घरात, एका चुलीवर जेवणारी आम्ही माणसं. मागून मारलेल्या हाका, न वळणारी मान, रुसवा, मुद्दाम, सगळं डोळ्यापुढून गेलं. जे परक्या बाईला एका घाट्यानं कळलं ते मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

अक्का पायरीवर बसली. "मला ठाऊक हाय अप्पा. मला ऐकू आलं व्हतं. तुमच्याकडं यायच्या आधीच, रानातच."

अप्पांनी मान वर केली. "मग थांबलीस कामून?"

"तुम्ही थांब म्हणलात म्हणून."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, माफीही नव्हती. झालं ते तिनं सांगितलं. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रडताना बघितलं.

"कान गेला तर गेला," अक्का म्हणाली. "हात हाय न्हवं? डोळं हाईत. आन कानाला ह्यो हाय की बसलेला." तिनं माझ्याकडं बोट केलं.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मूठ उघडून घाटा माझ्या हातात दिला. "धर. कानाला लाव. काय म्हणतंय सांग."

मी हलवला. इतक्या वर्षांत मी कधी घाटा कानाशी धरला नव्हता. खुळखुळ, अगदी हलका, पण स्पष्ट.

"वाजायलाय अप्पा."

"नीट ऐक. खोटं बोलू नको."

"वाजायलाय."

ते उठून ओट्याच्या कडेला आले, निर्ण्याच्या बाजूचं आभाळ बघितलं, वाऱ्यावर तळहात धरला. "आन तुझं मोबाईल?"

"तीन दिवस ऊन दाखवायलंय."

"बरं," अप्पा म्हणाले. "तंगी, उद्या दवात बाया लाव. रचताना पेंढ्यांत वारं राहू दे."

दुसऱ्या सकाळी आधी अक्काचा हरभरा काढला, मग आमचा. अप्पा बांधावर बसून होते आणि रचलेल्या प्रत्येक ढिगात हात घालून बघत होते. जेवणवेळेला मला त्यांना बोलवायचं होतं. त्यांची माझ्याकडं पाठ होती. हाक तोंडापर्यंत आली, पण मारली नाही. आता मी त्यांना मागून हाक मारत नाही. वळसा घालून पुढं जातो, त्यांना दिसेन असा उभा राहतो, आणि मग बोलतो.