शेवटच्या बाकावरचा हेडफोन

हेमराजभाऊंकडे सोनाली मॅडमचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते रागानेच. सुरतेतल्या त्या कॉलेजात नव्या पद्धतीचा वर्ग सुरू झाला होता. निम्मी मुलं समोर बाकांवर आणि निम्मी घरी, मोबाइलवर. मॅडम अर्थशास्त्र शिकवत होत्या. शेवटच्या बाकावर लॅपटॉपसमोर हेडफोन लावून बसलेल्या पन्नाशीच्या माणसाने एकाएकी हात वर केला आणि दोन बोटांची कात्री करून ती हवेत चालवली. मॅडमना वाटलं, हा आपल्याला आवरतं घ्या म्हणतोय.

तो उठून जवळ आला. त्यांच्या कॉलरवरच्या माइकची सुटलेली वायर बसवली, जागेवर गेला आणि अंगठा दाखवला.

"लूमवर धागा तुटना का अशीच खूण करतस, ताई," तास संपल्यावर ते अहिराणीत म्हणाले. मॅडम धुळ्याच्या, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "तठे बोलेल कोणले आयकू जास?"

बमरोलीच्या कापड कारखान्यातल्या खडखडाटात बावीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून हेमराजभाऊ कंत्राटावर इथे लागले होते. घरी बसलेल्या मुलांना आवाज नीट जातो का ते हेडफोनवर ऐकायचं आणि तुटला तर वर्गात सांगायचं, एवढं काम. त्यांची कात्री कधी चुकत नसे.

दिवाळीच्या आधी एकदा मॅडम शिकवत शिकवत बाकांमधून मागे गेल्या. "हेमराजभाऊ, खिडकी लावा जरा," त्या म्हणाल्या. ते हलले नाहीत. पुन्हा म्हणाल्या. लॅपटॉपवर सगळे चौकोन काळे होते, एकाच चौकोनात चेहरा होता. ती पलसाण्याची चंचल, साड्यांना लेस लावणाऱ्या आईच्या शेजारी बसून तास ऐकणारी. चंचलने दोन बोटांची कात्री केली. त्याबरोबर हेमराजभाऊंनी हात वर करून तशीच कात्री केली.

"कधीपासून ऐकू येत नाही?" नंतर मॅडमनी विचारलं. ते त्यांच्या ओठांकडे पाहत होते.

"लूम सोडी तव्हाच निम्मं गयतं. आते काहीच नही."

"आणि चंचल?"

"तिना बाप बी लूमवर शे. पहिलाच दिन मी खूण करी, तिनी बरोबर उत्तर दिन्हं."

कोणाला सांगू नका, असं ते म्हणाले नाहीत. मॅडमनीही कोणाला सांगितलं नाही. आवाज तर नीट जात होता.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या किसनला मात्र संशय असावा. चहाच्या वेळी तो एकदा म्हणाला, "बहिऱ्याला हेडफोन म्हणजे टकल्याला कंगवा." हेमराजभाऊ ओठ वाचून सगळ्यांबरोबर हसले.

मार्चमध्ये, परीक्षेआधीच्या उजळणीच्या तासाला, चंचल मावसबहिणीच्या हळदीला गेली होती. बाकीच्यांचे कॅमेरे नेहमीप्रमाणे बंद. माइकची बॅटरी पाचव्या मिनिटाला संपली. घरच्या मुलांचे मेसेज स्क्रीनवर येत राहिले, इंग्रजी अक्षरांत. हेमराजभाऊ चौथी शिकलेले, तेही मराठीत. ते पन्नास मिनिटं हेडफोन लावून बसले होते. मॅडमनी दोनदा मागे पाहिलं. त्यांनी दोन्ही वेळा अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी एकसष्ट मुलांच्या सहीचा अर्ज आला. विभागप्रमुखांनी मॅडमकडे लेखी मागितलं: दोष यंत्राचा की माणसाचा? नुसतं 'बॅटरी' लिहिलं असतं तर हेमराजभाऊ जागेवर राहिले असते. पण परीक्षा जवळ होती, आणि रोज चंचल असेलच असं नव्हतं.

मॅडमनी कागद समोर घेतला. हेमराजभाऊ दारात उभे होते.

"लिखी टाका, ताई," ते म्हणाले. "माले आयकू येत नही, हाई खरं शे."

"मग तुम्ही काय कराल?"

"दखसूत काहीतरी."

त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मॅडमनाही काही वाटलं नाही. निदान त्या वेळी तरी. त्यांनी दोन ओळी लिहिल्या: बॅटरी संपली होती, कर्मचाऱ्यास ऐकू येत नाही. आपल्याला हे दिवाळीच्या आधीपासून ठाऊक होतं, ते त्यांनी लिहिलं नाही. खाली सही केली.

हेमराजभाऊंनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि वर्गाची किल्ली दिली.

चंचल पास झाली. शेवटच्या बाकावर आता किसन बसतो.

हेमराजभाऊ कॉलेजच्या मागच्या फाटकावर असतात. येणाऱ्या गाड्यांचे पास पाहतात, सकाळी आठ ते दुपारी चार.