आधी बदली माणूस

प्रभावती माझ्या लक्षात आली ती पाचवीत, वर्ग झाडण्यावरून. त्या दिवशी झाडायची पाळी तिची होती आणि तिला लवकर घरी जायचं होतं. इतर मुली अशा वेळी पोट दुखतंय म्हणून सांगत. ही शालनचा हात धरून माझ्या टेबलाशी आली. "बाई, आज शालन झाडील. तिच्या दिवशी मी."

हे कुठून आलं ते तिचे वडील भेटल्यावर कळलं. साहेबराव पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. तिथे शिफ्ट बदलून हवी असेल तर आपल्या जागी उभा राहणारा बदली माणूस आधी शोधायचा, मग साहेबाकडे जायचं, अशी रीत होती.

प्रभावती डॉक्टर झाली. आमच्या वस्तीतली पहिलीच. बाळंतपणाच्या विषयात तिला पुढे शिकायचं होतं, आणि त्यासाठी पुण्याच्या सरकारी रुग्णालयात त्या विभागात सहा महिने निवासी डॉक्टर म्हणून काम करणं भाग होतं. जानेवारी १९८० पासूनची जागा तिला मिळाली. नेमके तेव्हाच तिला दिवस गेलेले, मार्चमध्ये बाळंतपण. जागा मध्येच सोडली तर पुढचं शिक्षण गेल्यात जमा.

सासरच्यांची तिच्या शिकण्याला हरकत नव्हती, पण साहेबराव खचले. डिसेंबरात शाळेत येऊन म्हणाले, "बाई, मोठ्या डॉक्टरांना अर्ज लिहा, जागा पुढे ढकला म्हणून. हात जोडतो म्हणावं." मी लिहायला बसले. दोनदा कागद फाडला. मूल होणार म्हणून माफी कशी मागायची, ते सुचेना.

तेवढ्यात प्रभावतीच वर्गात आली. आधी पाणी प्याली.

"बाई, अर्ज राहू द्या. जमलं."

ज्यांची जागा पुढच्या जुलैपासून होती त्या एकेकाला विचारत ती चाकणच्या दौलतरावापर्यंत पोचली होती. त्याला गावात दवाखाना काढायची घाई; सहा महिने आधी मोकळं व्हायला जानेवारी त्याला हवाच होता. त्याला घेऊनच ती विभागप्रमुखांकडे गेली.

"सर म्हणाले, दोघांचं ठरलंच आहे तर माझ्याकडे कशाला आलात?"

"मग?" मी विचारलं.

"म्हटलं, सही लागते, सर."

साहेबराव मुलांच्या बुटक्या बाकावर टेकले. मग हसले. "पोरगी आमच्याच खात्यातली निघाली," म्हणाले. मी अर्धा अर्ज चुरगळून टाकला, आणि मलाही मोकळं वाटलं.

मार्चमध्ये माहेरीच मुलगा झाला. जुलैत त्याला आपल्या आईच्या, तानुबाईंच्या हवाली करून ती कामावर रुजू झाली.

पुढचं शिक्षण पुरं करून आता ती पिंपरीच्या रुग्णालयात बाळंतपणाच्या विभागात डॉक्टर आहे. या आठवड्यात तिची रात्रपाळी आहे.